घरोघरी मातीच्या चिमण्या

"हल्ली काय चाललंय?" असं नानानं पुण्याहून फोनवर विचारलं, तेव्हा मी सरळ खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "चिमण्यांचे फोटो काढतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग नाना म्हणाला, "अरे, त्यासाठी स्कॉटलंडला कशाला जायला हवं? आमच्या गॅलरीत येऊन बसतात की दोनचार."

"त्या नव्हेत रे. छपरावरच्या."

"छपरावर बसलेल्या?"

"बसलेल्या नव्हेत, बसवलेल्या. मातीच्या आहेत. पूर्वी त्यांच्यातून धूर यायचा."

"वहिनी आहेत का जवळपास?" नानाचा आवाज एकदम मऊ झाला. "जरा त्यांच्याकडे दे फोन."

यात नानाचा दोष नाही. दोष आपल्या भाषेचा. एका 'चिमणी' या शब्दात आपण पाखरू, रॉकेलचा दिवा आणि गिरणीचं धुराडं अशी तीन बिऱ्हाडं कोंबून ठेवली आहेत, आणि वर्षानुवर्षं ती गुण्यागोविंदानं नांदताहेत. मी त्यातल्या तिसऱ्या बिऱ्हाडाविषयी बोलत होतो एवढंच.

त्याचं असं झालं. आमची लेक आणि जावई एडिंबऱ्याला मार्चमाँट नावाच्या भागात राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेल्या, चार-चार मजल्यांच्या दगडी इमारतींच्या रांगाच रांगा. एक जिना, त्याला प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. म्हणजे खरं तर चाळीच. फक्त भाडं ऐकल्यावर चाळ म्हणायची छाती होत नाही. मुलीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्यामुळे एकदा वर चढलेला सासरा सहसा खाली उतरत नाही. त्यातून पाऊस. आपल्याकडे पाऊस पडतो, म्हणजे वरून खाली येतो. इथं तो आडवा जातो. मग सकाळी मुलं कामावर गेली की मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचो, आणि समोर पसरलेली छपरं बघायचो.

छपरावर दगडी खांब, आणि प्रत्येक खांबावर मातीच्या उंच मडक्यांची रांग. इंग्रज त्यांना पॉटच म्हणतात. स्कॉटिश माणूस त्याला 'कॅन' म्हणतो. काही सरळसोट, काही तोफेच्या तोंडासारखी, काहींना वर मुकुटासारखे दाते. करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे मी ती मोजली. एकशे चौतीस भरली. दुपारी चहानंतर पुन्हा मोजली, तर एकशे एकतीस. चार वर्षं बँकेत कॅशियरच्या खुर्चीवर काढलेल्या माणसाला तीनचा फरक म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला: तीन सीगल होते, उडून गेले.

संध्याकाळी जावयांना विचारलं, "एवढी मडकी कशाला हो लागतात? एका घराला एक धुराडं पुरत नाही का?"

"बाबा, प्रत्येक पॉट म्हणजे एक शेगडी. प्रत्येक खोलीतल्या शेगडीचा नळ भिंतीतून वेगळा वर जातो. एकात दुसरा मिसळत नाही."

त्यामागचं शास्त्र साधं आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, नळ जितका उंच तितकी ओढ जास्त. मडक्यामुळे नळाची उंची वाढते, वरचं तोंड निमुळतं होतं आणि वारा आत घुसून धूर परत खोलीत ढकलत नाही. दोन शेगड्या एका नळाला जोडल्या, तर एकीचा धूर दुसरीच्या खोलीत निघायची भीती. म्हणून ज्याची त्याची शेगडी आणि ज्याचं त्याचं मडकं.

हे ऐकून मी खिडकीतून पुन्हा बघितलं आणि चाटच पडलो. म्हणजे एकेका कुटुंबाच्या तीन-तीन, चार-चार चुली! आणि भांडण न होता!

आपल्याकडे चूल ही मोजायची वस्तूच नव्हे. घर म्हटलं की चूल एक. दुसरी मांडली की ते दुसरं घर. वाईला आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी एक दिवस काकूनं चूल वेगळी मांडली. स्वयंपाकघराच्या मधोमध कुडाची भिंत आली. धुराला मात्र वाटणी कळली नाही. आम्हांला धुराडं कुठलं, वरचं एक कौल सरकवलेलं, तेवढीच वाट. ते कौल राहिलं काकूच्या बाजूला. मग आईच्या चुलीचा धूर कुडावरून काकूकडे जायचा आणि काकू म्हणायची, मुद्दाम ओली लाकडं घालतात. आई फुंकणी बाजूला ठेवून पदरानं डोळे पुसायची. ते धुरानं येणारं पाणी की दुसरं कशाचं, हे मला कधी समजलं नाही, आणि त्या वयात विचारायचंही सुचलं नाही.

तर, चुली मोजण्याचा नाद मला एकट्यालाच लागला असं नाही. सरकारलाही लागला होता. इंग्लंडात १६६२ साली चुलींवर कर बसवला: दर शेगडीमागं वर्षाला दोन शिलिंग. मोजणारा माणूस घरात शिरून खोल्याखोल्यांतून शेगड्या बघायचा. आता इंग्रज माणसाला घरात कोणी शिरलेलं चालत नाही, कर तर त्याहून चालत नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल नावाच्या खेड्यातली हकीकत सांगतात. १६८४ साली तिथल्या एका पाववाल्यानं कर चुकवण्यासाठी भिंतीला भोक पाडून आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला. दोन शिलिंग वाचले. वीस घरं आणि चार माणसं जळाली. शेवटी विल्यम आणि मेरीनं गादीवर येताच, १६८९ साली तो कर काढून टाकला आणि टाळ्या मिळवल्या. आणि गंमत म्हणजे दोन वर्षांत स्कॉटलंडात तोच कर सुरू केला, चुलीमागं चौदा स्कॉट शिलिंग, लष्कराच्या खर्चासाठी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना तो अजून पटलेला नाही.

एडिंबऱ्याचं जुनं लाडकं नावच 'ऑल्ड रीकी', म्हणजे म्हातारी धुरकट. खाडीपलीकडच्या फाइफ भागात ड्युरॅम नावाचे एक जमीनदार होते, त्यांची गोष्ट रॉबर्ट चेंबर्सनं लिहून ठेवली आहे. संध्याकाळी समोरच्या तीरावर एडिंबऱ्याच्या चुली पेटून धुराचा ढग दाटला, की हे गृहस्थ मुलांना म्हणायचे, चला, म्हातारीनं रात्रीची टोपी घातली, आता प्रार्थना आणि झोप. घड्याळाचं काम धूर करायचा. शुभेच्छासुद्धा तिथं धुराच्याच: 'तुमचं धुराडं दीर्घकाळ धुमसत राहो' असा आशीर्वाद देतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पाहुण्यानं हातात कोळशाचा तुकडा घेऊन यायचं. आपण तिळगूळ द्यावा तसं.

एवढं समजल्यावर फोटो काढणं आलंच. माझ्याकडे पहिल्या पगारातून घेतलेला आग्फा क्लिक थ्री आहे. साबणाच्या डब्यासारखा दिसतो आणि साधारण तेवढंच यंत्र त्यात आहे. एका रोलमध्ये बारा फोटो. उन्हासाठी एक खूण, ढगांसाठी एक. त्यातली उन्हाची खूण एडिंबऱ्यात केवळ शोभेची.

"बाबा, माझ्या फोननं काढा ना, हजार निघतील," मुलगी म्हणाली.

"हजार निघतात म्हणूनच नको."

"अहो, एवढं महागाचं तिकीट काढून आलो, आणि फोटो सगळे काळेपांढरे?" सौ. म्हणाल्या. "नाना म्हणतील, हे साठ सालीच येऊन गेले होते वाटतं."

आता हिला काय सांगावं! हे शहरच मुळी काळंपांढरं आहे. वालुकाश्माच्या पिवळसर इमारती कोळशाच्या धुरानं शंभर-दीडशे वर्षांत काळ्या झाल्या. आणि फोटोग्राफीचा जन्म तर छपरावरच झालाय. जगातला आज हयात असलेला सगळ्यात जुना, कॅमेऱ्यानं काढलेला फोटो फ्रान्समधल्या नीसफोर निएप्सनं १८२६ किंवा १८२७ मध्ये काढला. विषय काय, तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसणारी छपरं. कथलाच्या पत्र्यावर डांबर फासून त्यानं तो कॅमेऱ्यात ठेवला आणि निदान आठ तास तरी तसाच राहू दिला. तेवढ्या वेळात सूर्य इकडून तिकडे गेला, त्यामुळे चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे. त्या माणसाविषयी मला फार आपुलकी वाटते. पायऱ्या उतरायचा कंटाळा असणार, आणि घरात जावई.

एडिंबरा तर या कलेचं माहेर. टॅल्बटनं कागदावर फोटो काढायच्या रीतीचं पेटंट १८४१ मध्ये इंग्लंडात घेतलं, ते स्कॉटलंडात लागू नव्हतं. मग काय, १८४३ मध्ये डेव्हिड हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अॅडमसन हा तरुण अशा दोघांनी कॅल्टन टेकडीवर दुकान मांडलं आणि पाच वर्षांत हजारो फोटो काढले. अॅडमसन १८४८ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. त्यांचे फोटो बघताना एक लक्षात येतं: ती शाईसारखी काळी सावली धुरकट गावालाच साजते.

छपरं बघायची तर उंच जायला हवं. म्हणून पहिल्या कोरड्या दिवशी मी स्कॉट स्मारकावर चढलो. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराचं हे स्मारक दोनशे फूट उंच आहे. (आपल्याकडे कादंबरीकाराला चौक मिळतो, तोही रस्ता रुंद होईपर्यंत.) त्याला २८७ पायऱ्या. वर जाता जाता जिना इतका अरुंद होतो, की उतरणारा अमेरिकन आणि चढणारा मराठी माणूस यांचे संबंध नको इतके घनिष्ठ होतात. स्मारक कोळशासारखं काळंकुट्ट आहे. ते धुवावं की काय यावर १९९०च्या सुमारास बराच खल झाला आणि निष्कर्ष निघाला, की धुतलं तर दगडाला इजा होईल. राहू द्या काळं. वर पोचलो, दम खाल्ला, आणि चार फोटो काढले. ते धुऊन आले तेव्हा त्यात क्षितिजावर मुंग्यांची रांग दिसली. ती मडकी होती.

दुसरी उंच जागा किल्ल्याजवळ. तिथल्या मनोऱ्याच्या माथ्यावर मारिया शॉर्ट या बाईंनी १८५३ मध्ये 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, थाटली. वर आरसा आणि भिंग, खाली पांढरं, बशीसारखं खोलगट मेज. अंधारात त्या मेजावर सगळं गाव उतरतं: रंगीत आणि हलतं. रस्त्यावरचा माणूस चालता चालता तुमच्या कागदावर चढतो. छपरांवरून ढगांच्या सावल्या सरकतात. फक्त फोटो निघत नाही. जगातली सगळ्यात सुंदर छपरं ज्या कॅमेऱ्यात दिसतात, त्यात रोलच नाही!

हा मनोरा १८९२ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. तेच गेडिस, जे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. मालवणच्या घुऱ्यांना हेरून त्यांनीच विलायतेला धाडायला लावलं, आणि पुढे तेच डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या खुर्चीवर बसले. गेडिसांचं म्हणणं असं, की गाव सुधारायचं तर आधी उंचावरून सगळं एकदम बघा, मग खाली उतरून घराघरांत जा. पहिला भाग माझ्या गुडघ्यांना पटला नव्हता, पण केला होता. दुसरा राहिला होता.

म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या आजींचं दार वाजवलं.

वय नव्वदीच्या पुढं. जन्म याच जिन्यातला, दुसऱ्या मजल्यावरचा. माझे मुंग्यांचे फोटो त्यांनी भिंगातून शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्हांला आता काय दिसणार? यांच्यात जीवच नाही." मग सांगू लागल्या. कोळसेवाला पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि स्वयंपाकघरातल्या पेटीत ओतायचा. वाळत घातलेल्या चादरीवर काजळीचे ठिपके पडले नाहीत असा सोमवार आठवत नाही. धुराडी झाडणारा छपरावर चढून दोरीला गोळा आणि ब्रश बांधून आत सोडायचा. त्याआधी नळात तोंड घालून वरून ओरडायचा आणि खालून योग्य घरातनं 'हो' आली तर ठीक. चुकीच्या घरातनं आली, की त्या घरातल्या गालिच्याची दिवाळी.

दोरीची ही पद्धत स्कॉटलंडातली. इंग्लंडात नळात मुलं चढवायचे. चौदा इंच बाय नऊ इंचांचा नळ, आणि आत सहा-सात वर्षांचं पोर. लंडनच्या एका सर्जननं १७७५ मध्ये दाखवून दिलं, की या पोरांना पुढं काजळीमुळे कर्करोग होतो. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद. त्या सर्जनचं आडनाव पॉट होतं. यावर विनोद करायचा मोह मला झाला होता, पण पुढचं वाचलं आणि राहून गेला. १७८८, १८३४, १८४०, १८६४ असे कायदे होत राहिले आणि मुलं चढत राहिली. १८७५ च्या फेब्रुवारीत जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यात अडकला. भिंत फोडून काढला, पण वाचला नाही. त्यानंतरचा कायदा मात्र पाळला गेला.

धुराचं राज्य त्यानंतरही ऐंशी वर्षं चाललं. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं, त्यात सरकारी हिशेबानं चार हजार माणसं गेली. नंतरचे हिशेब बारा हजारांपर्यंत जातात. १९५६ मध्ये धुराविरुद्ध कायदा झाला. मग समुद्रातला गॅस घराघरात आला, शेगड्या बुजवल्या गेल्या आणि मडक्यांना झाकणं बसली. ज्यांना बसली नाहीत, त्यांच्यात जॅकडॉ नावाचे लहान कावळे काटक्या भरून घरटी करतात. मी सौ.ला म्हटलं, "बघ, चिऊताईनं इतकी वर्षं दार उघडलं नाही, शेवटी काऊ चिमणीत शिरलाच." ती म्हणाली, "हे नानांना सांगू नका."

उठता उठता आजी म्हणाल्या, "आपल्या खांबाचा फोटो आहे का तुमच्याकडे? बारा मडकी आहेत. पुढल्या आठवड्यात पराती बांधून तो खांब उतरवणार, दगड सुटलाय म्हणतात. पुन्हा बांधतील, पण मडकी तीच त्या जागी येतील असं नाही." सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून खर्च करायचा असतो, आमच्या जावयांचा आकडा ऐकून मी दोन दिवस साखर कमी घेतली होती. पण खांब पाडायची घाई समजण्यासारखी आहे. १९६८ च्या जानेवारीत ग्लासगोवर वादळ आलं, तेव्हा असेच खांब छपरं फोडून झोपलेल्या माणसांवर कोसळले होते.

"डावीकडून चौथं," त्या म्हणाल्या. "ते आईच्या खोलीचं. झोपायच्या खोलीत शेगडी पेटवायची चैन आमच्यात नव्हती. ती माझ्या आठवणीत दोनदाच पेटली. भाऊ झाला तेव्हा, आणि आई गेली त्या आठवड्यात. शाळेतून येताना रस्त्याच्या वरच्या टोकाला वळलं की खांब दिसायचा. चौथ्यातनं धूर दिसला, की मी पळत सुटायची."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेर पडलो. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. वरच्या टोकाला चढ आहे, म्हणून मी मुकाट्यानं खालच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. डावीकडून चार मोजली, नेम धरला. तेवढ्यात एक कावळा येऊन रांगेतल्या कुठल्याशा मडक्यावर बसला. मी हातवारे केले, वाईच्या बोलीत त्याचा उद्धार केला, रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्यानं गाडी हळू केली, कावळा ढिम्म. शेवटी तसाच खटका दाबला.

फोटो धुऊन आला तोवर खांबाभोवती पराती आणि हिरवी जाळी लागली होती. आजींनी भिंग लावलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं डावीकडून चौथ्यावर बोट ठेवलं.

"हे नाही," त्या म्हणाल्या. "हे शेजाऱ्यांच्या दिवाणखान्याचं. कुठून काढलात?"

"खालच्या टोकाकडून."

"मी वरून यायची."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. उलट्या बाजूनं बघितलं की रांग उलटी होणार, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कळू नये? पण आजींनी तोवर उजवीकडून मोजायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन. चौथ्यावर बोट थांबलं. त्याच्यावर तो मेला कावळा बसलेला होता, मान जरा वाकडी करून, आत काय आहे ते बघत असल्यासारखा. बारांतलं तेवढंच एक मडकं स्पष्ट आलं होतं. बाकी माझा हात हलला होता.

आजी बराच वेळ बघत राहिल्या.

"गार आहे म्हणून बसलाय," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.